लाल फडक्यातले परग्रहवासी

माझ्या काकूनं आयुष्यात एकच पुस्तक लपवलं, आणि नेमकी त्याचीच पूजा झाली.

काकू पुण्याची. लग्न होऊन हैदराबादला, बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त होती, हे आमच्याकडे कितीतरी वर्षं नवलानं सांगितलं जायचं. आम्ही जुन्या हैदराबाद संस्थानातले. मूळचे शेतकरी, पुढे नोकरदार. भाजीवाल्याशी तेलुगूत भांडायचं, रिक्षावाल्याशी दखनीत, आणि घरी येऊन या सगळ्याची खिचडी मराठी म्हणून बोलायची, ही आमची रीत. काकूला ही मराठी धड कळायची नाही आणि तेलुगूत भांडताही यायचं नाही, त्यामुळे बाजारात तिला कुणीही गुंडाळावं. काका भला माणूस, पण त्याचं वाचन क्रिकेटच्या पानावर सुरू होऊन तिथंच संपायचं. घरात काकूशी पुस्तकांबद्दल बोलणारं कुणीच नव्हतं.

जवळच मराठी मंडळाचा हॉल होता आणि हॉलला लागून वाचनालयाची खोली. ती खोली काकूनं ताब्यात घेतली. रोज संध्याकाळी ती तिथं जाऊन बसायची. मी तेव्हा विद्यानगरला कॉलेजात होते, येताना तिच्यापाशी थांबायचे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. काकू पुस्तकांना फार जपायची. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की ती काही बोलायची नाही, नुसती त्या कोपऱ्याकडे आणि मग माणसाकडे बघायची. तेवढ्यानं माणूस पुन्हा यायचा बंद व्हायचा. असे बरेच जण बंद झाले होते.

उरलेले केबलनं पळवले. ते दिवसच तसे होते. गच्चीगच्चीवरून तारा लोंबायला लागल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ निघाले होते, आणि ज्याला दुसरं काही सुचत नव्हतं तो कॉम्प्युटर शिकायला निघाला होता. अंबरपेठेत पुण्याहून आलेल्या एका तरुणानं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, त्याला जागा पुरेना. मंडळाच्या अध्यक्षांची नजर वाचनालयाच्या खोलीवर गेली. अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. त्यांनी काकूला सरळ सांगितलं की वाचक नाहीत तर वाचनालय कशाला, वार्षिक सभेत ठराव आणू. काकू घरी आली आणि तिनं भात करपवला. तिचं असं कधी होत नसे.

त्याच सुमारास बंगळूरला निघालेल्या एका कुटुंबानं वाचनालयाला पुस्तकांचं बोचकं दिलं. त्यात ती कादंबरी होती. मुखपृष्ठावर पाण्याची टाकी, टाकीतून वर आलेलं हिरवं काहीतरी, त्याचे तंतू एका माणसाच्या कानात गेलेले, आणि कडेला ओल्या साडीतली एक तरुणी, जिचं हिरव्या प्रकाराकडे लक्षच नव्हतं. काकूला ते मुखपृष्ठ बघवेना. पण दानात आलेलं पुस्तक फेकायचं नाही हा तिचाच नियम. कपाटही एकच, त्यातच वरच्या कप्प्यात भजनी मंडळाची पोथी असायची. देवाशेजारी हे चित्र उघडं कसं ठेवायचं, म्हणून तिनं ते पुस्तक एका लाल फडक्यात बांधलं आणि मागं सारलं.

पोथी कशात बांधतात हे तिच्या ध्यानात आलं नाही. पुण्यात तिच्या माहेरी पोथ्यांचं प्रस्थ नव्हतं, सुधारकांचं घर.

गुरुवारी भजनी मंडळाच्या बायका हॉलमध्ये जमायच्या. त्यांच्यात वयानं आणि अधिकारानं मोठ्या होत्या त्या मावशी, त्या पोथी वाचायच्या. त्या गुरुवारी नवं पारायण बसणार होतं. मावशींनी कपाटात हात घातला, लाल बोचकं काढलं, चौरंगावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, पाणी सोडून संकल्प केला. पोथी पूजेनंतरच सोडायची, आधी नाही. म्हणून फडकं सुटलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ओलं कुंकू फडक्यातून उतरून हिरव्या प्रकाराच्या कपाळावर लागलं होतं आणि फडकं सोडताना घसरलेलं झेंडूचं फूल ओल्या साडीतल्या मुलीच्या पायाशी आलं होतं.

मावशींचा चष्मा जुना होता. त्यांनी पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, अक्षर फारच बारीक आहे म्हणाल्या, आणि पुस्तक काकूकडे दिलं. काकूनं घाबरून सांगितलं की ही पोथी नव्हे, भलतंच पुस्तक आहे, पोथी वरच्या कप्प्यात आहे. मावशींनी ऐकून घेतलं आणि थोडा विचार केला.

"संकल्प हिच्यावर सोडला नं मी," त्या म्हणाल्या. "आता हीच वाचायची. अर्धं ठेवायचं नाही, नक्को तो ताप. तू वाच."

काकू वाचायला बसली. ती आयुष्यात कधी मोठ्यानं वाचत नसे, आणि समोर हात जोडून बसलेल्या बायका बघून तिला जो एकच सूर सुचला तो पोथीचा होता. पहिल्या प्रकरणाची सुरुवातही तशीच होती: सगळीकडे अंधार, खाली पाणी, आणि आकाशातून उतरणारं तेज. बायकांनी माना डोलावल्या. दोन पानांनी त्या तेजातून काहीतरी बुळबुळीत बाहेर पडून धरणाच्या पाण्यात शिरलं, तरी माना डोलतच राहिल्या. सूर एकदा लागला की मान सहज थांबत नाही.

गोष्ट अशी होती. धरणाशेजारच्या कॉलनीत नळाच्या पाण्यातून ते जीव घराघरांत येतात आणि अंघोळ करणाऱ्याच्या कानातून डोक्यात शिरतात. माणूस वरून तसाच राहतो. फक्त त्याला घाम येत नाही, तो सारखा हसतो आणि कशालाही "काही अडचण नाही" म्हणतो. हे फक्त एका पाइप ओढणाऱ्या प्रोफेसराला आणि त्या तरुणीला कळलेलं असतं, आणि तरुणी दर प्रकरणात भिजते. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा कॉलनीतल्या मास्तरांच्या बायकोनं न्हाणीघराची कडी लावली होती आणि नळातून आवाज येत होता. काकूनं पुस्तक मिटलं. हॉलमध्ये कुणी उठेना.

"पुढं काय होतं?" एकीनं विचारलं.

"पुढच्या गुरुवारी," मावशी म्हणाल्या. एका बैठकीत एक अध्याय, हाही नियमच.

माझ्या मते खरी जादू या नियमानं केली. पोथीत पुढं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं, देव येतो आणि सोडवतो. इथं कुणी येईल याची खात्री नव्हती, आणि मास्तरांची बायको आठवडाभर न्हाणीघरात अडकून पडली होती. आमच्या भागात पाणी एक दिवसाआड यायचं. आता ते यायच्या वेळेला बायका संपाच्या झाकणाशी, म्हणजे अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीशी, कान लावून बसायला लागल्या. माझ्या आईनं नळाला फडकं बांधलं. उपवास धरायचा का, कांदा-लसूण चालतो का, असे प्रश्न काकूला विचारले गेले. काकू घरी येऊन माझ्यापाशी कपाळ बडवून घ्यायची आणि म्हणायची, इतकी वर्षं मी यांच्यापुढे चांगली चांगली पुस्तकं ठेवली, तेव्हा एकीनं मान हलवली नाही. तिला वाईट वाटायचं, खरंच वाटायचं. पण हॉल गुरुवारी भरायला लागला होता, आणि तेही ती बघत होती.

गोची होती ती वर्णनांची. तरुणी भिजली की लेखकाला भरतं यायचं. काकू अशा ठिकाणी थांबायची, ओठ मिटून पान दोन पान डोळ्यांखालून घालायची, आणि त्याच पोथीच्या सुरात म्हणायची, "इथे वर्णन आहे." मग पुढं. बायका समजून घ्यायच्या. पण आयांबरोबर आलेली कॉलेजातली पोरं मागं बसायची, त्यांनी ते समजून घेतलं नाही. ही पोरं इंग्रजी शाळेतली, मराठी बोलायची ती अर्धी दखनी, आणि वाचायची म्हणजे दुकानाची पाटी. शुक्रवारी त्यातला एक खोलीत आला. "काकू, वो किताब जरा बघू द्या ना. आम्ही इथंच बसून वाचतो, घरी नेत नाही." गुरुवारी झालेल्या अध्यायापुढचं पान उघडायचं नाही, एवढी अट काकूनं घातली. मग रोज संध्याकाळी चार डोकी एका पानावर. एकजण अक्षराला अक्षर जोडायचा, दुसरा जोडाक्षरात अडकायचा, तिसरा कंटाळून म्हणायचा, "अबे जल्दी कर." ओली साडी अंगाला कुठं आणि कशी चिकटली हे कळायला त्यांना आठवडा लागला, आणि तेवढ्यात त्यांना मराठी वाचता यायला लागलं. तेवढी वर्णनं संपल्यावर ती कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांतही शोधू लागली. फार मिळालं नाही, पण पुस्तकं घरी जायला लागली.

काकूनं दुमडलेल्या कोपऱ्यांकडे बघायचं सोडून दिलं.

अध्यक्षांना हे कळलं तेव्हा ते चिडून आले. मंडळाच्या हॉलमध्ये असलं काही वाचणं त्यांना शोभेसं वाटेना. ते बंद करायला म्हणून दारात उभे राहिले आणि मावशींनी त्यांना बसायची खूण केली, कारण अध्याय चालू असताना उठायचं नाही आणि मध्येच बोलायचं तर नाहीच. अध्यक्ष बसले. अध्यायात ते जीव धरणापासून कॉलनीपर्यंत पाइपातून कसे येतात याचं वर्णन होतं, आणि हे वर्णन काकूनं गाळलं नाही. अध्याय संपताच अध्यक्ष उभे राहून म्हणाले की हे साफ चूक आहे, मधे व्हॉल्व्ह असतो. पुढच्या गुरुवारी ते व्हॉल्व्हचं काय होतं ते ऐकायला आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी घरून खुर्ची आणली. ठराव मात्र त्यांनी मागं घेतला नाही. करमणूक वेगळी आणि प्रगती वेगळी, असं ते काकूला म्हणाले. कॉम्प्युटरवाल्याला शब्द दिलेला होता.

कॉम्प्युटरवाला एका गुरुवारी खोली मोजायला आला. पांढराशुभ्र शर्ट, उन्हाळा ऐन भरात, आणि अंगावर घामाचा थेंब नाही, कारण तो कुणाच्यातरी एसी गाडीतून आला होता. मावशींनी विचारलं, खोली लहान नाही का? तो हसून म्हणाला, "नो प्रॉब्लेम." पंखा जुना आहे. "नो प्रॉब्लेम." छप्पर गळतं. "नो प्रॉब्लेम, मावशी." हॉलमधल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मला हसू दाबता येईना, पण दोघीतिघी खरोखरच दोन पावलं मागं सरल्या.

गेल्याच अध्यायात प्रोफेसरानं शोध लावला होता की ज्याच्या डोक्यात ते शिरलेत त्याच्या जिभेला चव उरत नाही. मावशींनी एकीला बाहेर पिटाळलं. ती कोपऱ्यावरच्या गाडीवरून मिरची भज्जी घेऊन आली, हैदराबादी, बोटभर लांब, आणि शेजारच्या घरातून गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं. पुण्याचा तो मुलगा पाहुणचार समजून खाली बसला. पहिल्या घासाला तो हसत होता. दुसऱ्या घासाला त्याचे कान लाल झाले, मग नाक वाहू लागलं, पांढरा शर्ट पाठीला चिकटला आणि तो दोन्ही हातांनी तोंडाला वारा घालत पाणी मागू लागला.

"आपलाच आहे बिचारा," मावशी म्हणाल्या आणि त्याला साखर दिली.

त्यानंतर त्याला तिथून हलवेना, म्हणून तो अध्यायाला बसला. पुढच्या गुरुवारीही आला. मला वाटतं, या शहरात आपल्याला कुणीतरी तपासून माणूस ठरवलं, याचं त्याला बरं वाटलं असावं. आणि बायकांनी त्याला तपासलं ते काही नुसती गंमत म्हणून नव्हे. त्या वर्षांत प्रत्येकीच्या घरात कुणीतरी बदललं होतं. मुलगा कोर्सवरून परत यायचा तो वेगळ्याच आवाजात बोलत, नवरा टीव्हीपुढून उठायचा नाही, काही विचारलं की सगळं ठीक आहे म्हणायचा. घरातलं माणूस दिसायला तेच आहे पण आत दुसरंच कुणी येऊन बसलंय, हे त्या भिकार पुस्तकानं छापून दाखवलं होतं. चांगल्या पुस्तकांनी ते इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं, असं मी एकदा काकूला म्हणाले. ती माझ्यावर रागावली.

समाप्ती आणि वार्षिक सभा एकाच गुरुवारी ठेवली होती. आधी शेवटचा अध्याय, मग शिऱ्याचा प्रसाद, मग ठराव. काकू पुस्तक कधी आधी चाळत नसे, दोनदा वाचण्याची त्याची लायकी नाही म्हणायची. त्या दुपारी, हॉलच्या मागं शिऱ्याचा रवा भाजला जात असताना, तिनं सहज शेवट उघडला. शेवट नव्हता. छापखान्यात सोळा पानांची एकेक गड्डी शिवतात, त्यातली शेवटची गड्डीच निसटून गेली होती. कॉलनीतले सगळे ताब्यात गेलेले, प्रोफेसर धरणाच्या भिंतीवर, आकाशात त्यांचं यान, आणि वाक्य मध्येच तुटलेलं.

काकू कपाटाला टेकून खाली बसली. मी म्हटलं, सांगून टाकू, हसतील आणि सोडून देतील. ती म्हणाली, मावशी हसणार नाहीत, पारायण मोडलं म्हणजे अशुभ झालं म्हणतील, आणि ते खापर या खोलीवर फुटेल. मग मी सुचवलं की दुसऱ्या एखाद्या कादंबरीचा शेवट वाच. तिनं मनातल्या मनात तिच्या आवडत्या कादंबऱ्या आठवून बघितल्या. सगळ्यांच्या शेवटी कुणीतरी खिडकीशी उभं राहून बाहेर बघत होतं. तिथं यान कुठून आणायचं?

"ही खोली गेली तर या गावात मी बसू कुठं?" ती म्हणाली. तिला रडू येत होतं. मी नुसता तिचा हात धरला.

संध्याकाळी हॉल तुडुंब भरला. पोरं, बायका, कॉम्प्युटरवाला, खुर्चीत अध्यक्ष. काका सुद्धा आला होता, टीव्ही सोडून. काकूनं फडकं सोडलं, होतं तेवढं वाचलं, आणि तुटलेल्या वाक्याशी आली. तिनं पान उलटल्यासारखं केलं आणि सूर न बदलता पुढं वाचायला लागली, समोर पुठ्ठ्याची कोरी आतली बाजू ठेवून.

तिनं वाचलं ते असं. त्या कॉलनीत एक बाई राहत होती, लग्न होऊन दूरच्या गावाहून आलेली. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, लेखकाचंही नाही. सगळ्यात शेवटी एक जीव तिच्या कानातून आत शिरला. आत बघतो तर गच्च भरलेलं. तिनं वाचलेलं, पाहिलेलं, मनात आलेलं, कुणी न विचारल्यामुळे तसंच राहून गेलेलं. त्या जिवाला बसायला जागा होईना. तो म्हणाला, हे काय आहे? इतक्या वर्षांत तिला असं पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. ती सांगू लागली. तो ऐकू लागला. यान आकाशात थांबलं, हाका मारू लागलं, पण तो जाईना, म्हणाला, थांबा, हिचं संपू द्या. मग बाकीचेही लोकांच्या डोक्यांतून निघून ऐकायला जमले. तिचं काही संपलं नाही. यान वाट बघून निघून गेलं. "आणि ती बाई," काकूनं वाचलं, "अजून सांगते आहे."

तिनं पुस्तक मिटलं. काका खाली मान घालून बसला होता. मावशींनी हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले.

अध्यक्ष उठले. त्यांनी चष्मा पुसला आणि व्हॉल्व्हचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही अशी नोंद केली. मग म्हणाले की खोलीचा विषय आजच्या सभेपुढे घेत नाही, पुढेही घ्यायचं कारण दिसत नाही, आणि क्लाससाठी माझ्या घरचं गॅरेज रिकामं आहे. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "नो प्रॉब्लेम," आणि सगळे हसले.

शिरा खाताना काकूनं मोठ्या आशेनं मावशींना विचारलं की पुढच्या गुरुवारपासून एखादं चांगलं पुस्तक घ्यायचं का.

"दुसरं कशाला?" मावशी म्हणाल्या. "पोथी संपली की पुन्हा पहिल्या अध्यायापासून."

तेव्हापासून दर वर्षी तेच. काकू कुरकुरत वाचायची, आणि शेवटाला आली की दर वर्षी त्या बाईचं थोडं जास्त सांगायची. काका दर समाप्तीला पुढं बसायचा. बऱ्याच वर्षांनी कोठी भागातल्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मला त्याच कादंबरीची धड प्रत सापडली, शेवटासकट. मी धावत काकूकडे नेली. वाचनालयाच्या खोलीत तिनं ती सोळा पानं शांतपणे वाचली. प्रोफेसर धरण फोडतो, सगळे जीव वाहून जातात, तरुणी शेवटची भिजते आणि दोघांचं लग्न होतं.

मग काकूनं, जिनं उभ्या जन्मात पानाचा कोपरा दुमडला नव्हता, ती पानं शिलाईपासून नीट फाडून काढली आणि माझ्या हातात दिली.

"यात वर्णन आहे," ती म्हणाली. "तू ठेव. आमच्या पोथीला शेवट आहे."

आणि उरलेलं पुस्तक तिनं जुन्या प्रतीबरोबर लाल फडक्यात बांधून वरच्या कप्प्यात ठेवलं.